लिनक्सवर टचपॅडची तीन बोटं चालेनात? आधी अडलंय कुठे ते शोधा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ न पेलणारे कितीतरी धडधाकट लॅपटॉप घरोघरी अडकून पडले. आमच्या जुळे सोलापुरातल्या सोसायटीतच मी त्यानंतर चार जणांच्या लॅपटॉपवर विंडोजच्या जागी लिनक्स टाकून दिलं, कुणाला त्यातलं उबंटू, कुणाला लिनक्स मिंट. वायफाय लागलं, प्रिंटर चालला, मराठी टाइप व्हायला लागलं, सगळे खूश. आठवडाभरात फोन मात्र एकाच गोष्टीसाठी आला: "तीन बोटं वर सरकवली की सगळ्या विंडो दिसायच्या. ते इथं होत नाही का हो?"

होतं. बहुतेक लॅपटॉपवर चांगलं होतं. फक्त नवखा माणूस इंटरनेटवर बघून दिसेल ती कमांड मारत सुटतो, चार वेगवेगळे प्रोग्रॅम टाकतो आणि मग कुठला कशाच्या आड येतोय तेच कळेनासं होतं. म्हणून हा लेख. यातल्या पायऱ्या दिलेल्या क्रमानेच करा.

कमांडबद्दल आधीच सांगतो. इथे त्या मी उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या विंडोत, त्या इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायच्या, शब्दांमध्ये एकेक स्पेस द्यायची. स्पेलिंग अडखळवणारं असेल तिथे अक्षरं सुटी करून दिली आहेत. टर्मिनल उघडायला कंट्रोल, ऑल्ट आणि टी ही तीन बटणं एकदम दाबा. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काही उमटलं नाही तर घाबरू नका, तो आत जात असतो.

बोटापासून पडद्यापर्यंत

माझे वडील अशोक चौकाच्या बाजूला पॉवरलूमवर टॉवेल विणायचे. माग थांबला की ते कधी माग खोलायला बसले नाहीत. आधी ताण्यावरून नजर फिरवायची, कुठला धागा तुटलाय ते बघायचं, तिथेच गाठ मारायची, माग सुरू. टचपॅडचंही असंच आहे. बोटाची हालचाल पडद्यापर्यंत पोचायला चार हातांतून जाते.

पहिला टचपॅड स्वतः. त्याच्या पृष्ठभागाखाली बारीक विद्युतवाहक पट्ट्यांची जाळी असते. बोट टेकलं की तिथला विद्युतभार किंचित बदलतो आणि बोट कुठे आहे ते कळतं. दुसरा कर्नलमधला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातला ड्रायव्हर, जो ही माहिती उचलतो. तिसरं लिबइनपुट. पीटर हटरर यांनी वर्षानुवर्षं सांभाळलेली ही लायब्ररी आज जवळपास प्रत्येक लिनक्स डेस्कटॉपच्या खाली असते. बोटं किती आहेत, एका दिशेला चालली आहेत की एकमेकांकडे येताहेत, हे तीच ठरवते. चौथा तुमचा डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावरच्या विंडो आणि मेनू सांभाळणारा भाग: नोम, प्लाझ्मा, सिनॅमन किंवा एक्सएफसीई. "तीन बोटं वर गेली" एवढंच लिबइनपुट सांगतं. त्यावर विंडो दाखवायच्या की आवाज वाढवायचा, हे डेस्कटॉपने ठरवायचं असतं.

इथे एक बारकावा आहे. दोन बोटांनी पान वरखाली करणं आणि बोटाने टिचकी मारून क्लिक करणं, या दोन गोष्टी लिबइनपुटच्या हिशोबात जेश्चर, म्हणजे बोटांची खूण, नाहीतच. तीन किंवा जास्त बोटं सरकवणं म्हणजे स्वाइप, दोन किंवा जास्त बोटांची चिमटी म्हणजे पिंच, आणि बोटं न हलवता टेकवून ठेवणं म्हणजे होल्ड. होल्ड २०२१ च्या १.१९ आवृत्तीत आलं. तेव्हा स्क्रोल चालतंय म्हणजे जेश्चरही चालायलाच हवं, असं धरून चालू नका.

पहिली पायरी: साध्या गोष्टी

सेटिंग्जमध्ये माउस अँड टचपॅड उघडा. टचपॅड चालू आहे का, टॅप टू क्लिक आणि दोन बोटांचं स्क्रोलिंग चालू आहे का ते बघा. पान उलट्या दिशेने सरकतंय असं वाटत असेल तर नॅचरल स्क्रोलिंग बदला. हा सवयीचा भाग आहे, बिघाड नाही. टचपॅड मुळीच हलत नसेल तर वरच्या ओळीतल्या एफ बटणांपैकी एकावर टचपॅडचं छोटं चित्र असतं, ते चुकून दाबलं गेलं असेल.

बोटं ठेवण्याचीही रीत आहे. तीन बोटं अगदी चिकटवून ठेवली तर काही टचपॅडना ती दोनच वाटतात. मध्ये जरा फट ठेवा, तिन्ही साधारण एकदम टेकवा आणि एका दमात सरकवा. तळहात कडेला टेकू देऊ नका. आमच्या शेजारच्या काकूंचं एवढ्यावरच काम झालं.

दुसरी पायरी: बोटं आत पोचतात का?

या लेखातली सर्वांत मोलाची पायरी हीच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

माझी भाची इथल्याच एका कॉलेजात इंजिनिअरिंगला आहे. तिच्या जुन्या लॅपटॉपवर उबंटू २२.०४ होतं. एका रविवारी आली, "मामा, दोन बोटं चालायलेत, तीन चालंनात." त्याआधी ती लॅपटॉप घेऊन एका दुकानात जाऊन आली होती. तिथे तिला टचपॅड गेलाय, बदलावा लागेल असं सांगून अडीच हजारांचा आकडा दिला होता. लॅपटॉप कुणी खोलूनही पाहिला नव्हता.

आम्ही टर्मिनल उघडलं आणि पहिली कमांड दिली:

सुडो एपीटी इन्स्टॉल लिबइनपुट-टूल्स

सुडो म्हणजे एस-यू-डी-ओ, एपीटी तीन सुटी अक्षरं, आणि लिबइनपुट एल-आय-बी, मग इनपुट, सगळं सलग. पुढे एक आडवी रेघ आणि टूल्स. हे टाकून झाल्यावर दुसरी कमांड:

सुडो लिबइनपुट डीबग-इव्हेंट्स

सुरुवातीला लॅपटॉपला जोडलेल्या प्रत्येक उपकरणाची एकेक ओळ येते आणि पडदा थांबतो. आता एक बोट फिरवलं की पॉइंटर-मोशनच्या ओळी धडाधड खाली पळतात. तिला म्हटलं, आता तीन बोटं ठेव आणि हळू डावीकडे ने. तिने नेली. पडद्यावर जेश्चर-स्वाइप-बिगिन अशी ओळ आली आणि तिच्या शेवटी ३ हा आकडा. पाठोपाठ स्वाइप-अपडेटच्या आठ-दहा ओळी, प्रत्येकीत ३. बोटं उचलली तशी स्वाइप-एंड. चार बोटं ठेवली तर आकडा ४. कंट्रोल आणि सी दाबून बाहेर आलो.

म्हणजे टचपॅड ठणठणीत, ड्रायव्हर ठणठणीत, लिबइनपुटही बोटं बरोबर मोजतंय. धागा तुटला होता तो चौथ्या ठिकाणी, डेस्कटॉपपाशी. अडीच हजार वाचले ते त्या एका ओळीमुळे. टचपॅड खराब आहे असं कुणीही सांगितलं तरी आधी ही ओळ येते का ते स्वतः बघा.

तुमच्याकडे स्वाइपच्या ओळी आल्या तर तिसऱ्या पायरीकडे चला. आल्याच नाहीत तर मधलं सगळं सोडून थेट शेवटच्या भागाकडे जा. डेस्कटॉपची कितीही सेटिंग बदलली तरी आत न पोचलेली बोटं त्याला दिसणार नाहीत.

तिसरी पायरी: वेलँड की एक्स११?

पडद्यावर चित्र मांडण्याच्या दोन व्यवस्था लिनक्समध्ये आहेत. जुनी एक्स११, नवी वेलँड. जेश्चरच्या बाबतीत या दोघींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. वेलँडवर डेस्कटॉप स्वतः लिबइनपुटशी बोलतो, त्यामुळे बोट जितकं सरकेल तितकंच पडद्यावरचं चित्र सरकतं. एक्स११ मध्ये जेश्चर मुळात नव्हतेच. ऑक्टोबर २०२१ च्या एक्स सर्व्हर २१.१ मध्ये ते आले, पण बहुतेक डेस्कटॉपनी त्यांचा वापर केला नाही.

आपण कशावर आहोत ते बघायला सेटिंग्जमध्ये सिस्टम, मग अबाउट, मग सिस्टम डिटेल्स उघडा. थोड्या जुन्या उबंटूत थेट अबाउट असतं. विंडोइंग सिस्टमसमोर वेलँड किंवा एक्स११ लिहिलेलं दिसेल. टर्मिनलमधून बघायचं तर एको, स्पेस, मग डॉलरचं चिन्ह आणि त्याला चिकटून मोठ्या अक्षरांत एक्स-डी-जी, अंडरस्कोर, सेशन, अंडरस्कोर, टाइप.

भाचीच्या लॅपटॉपवर एक्स११ निघालं. कारणही तिला आठवलं. पहिल्या वर्षाला ऑनलाइन क्लासमध्ये स्क्रीन शेअर केली की काळी दिसायची, तेव्हा कुणीतरी तिला लॉगिनच्या वेळी झॉर्ग, म्हणजे एक्स११ च, निवडायला सांगितलं होतं. उबंटू ती निवड लक्षात ठेवतं. लॉग आउट केलं, तिच्या नावावर क्लिक केलं, पासवर्ड टाकण्याआधी उजव्या कोपऱ्यात खाली आलेलं दातेरी चाक दाबलं आणि उबंटू ऑन झॉर्गच्या जागी नुसतं उबंटू निवडलं. आत गेल्यावर तिने तीन बोटं वर सरकवली आणि सगळ्या विंडो पडद्यावर पसरल्या. एकही प्रोग्रॅम टाकावा लागला नाही.

एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असलेल्या काही लॅपटॉपवर उबंटू आपणहून एक्स११ उघडतं, तिथेही हेच चाक बघा. उबंटू २५.१० पासून नोमचं एक्स११ सेशन काढूनच टाकलंय, म्हणून तिथे हा प्रश्न नाही.

चौथी पायरी: तुमच्या डेस्कटॉपप्रमाणे

उबंटू किंवा फेडोरा, म्हणजे नोम: मार्च २०२१ च्या नोम ४० पासून वेलँडवर जेश्चर आयते मिळतात. तीन बोटं वर नेली की ओव्हरव्ह्यू, म्हणजे सगळ्या उघड्या विंडो एकदम, आणखी वर नेली की सगळ्या अ‍ॅपची यादी, डावी-उजवीकडे नेली की वर्कस्पेस, म्हणजे विंडो मांडायचा वेगळा पडदा, बदलतं. हे बदलायची सोय मूळ सेटिंग्जमध्ये नाही. माझं मत विचाराल तर निदान पहिला महिना बदलूही नका. आहे तेच हाताला छान बसतं.

केडीई प्लाझ्मा: जून २०२२ च्या ५.२५ आवृत्तीपासून वेलँडवर बोटाबरोबर चालणारे जेश्चर आहेत. इथे नवखे एका ठिकाणी फसतात. डेस्कटॉप बदलायला बोटं सरकवतात आणि काहीच होत नाही, कारण व्हर्च्युअल डेस्कटॉप (नोममधल्या वर्कस्पेससारखाच) एकच असतो. मग जाणार कुठे? सिस्टम सेटिंग्जमध्ये व्हर्च्युअल डेस्कटॉप्स शोधून दोन-तीन वाढवून घ्या.

लिनक्स मिंट, सिनॅमन: मिंट अजून मुख्यतः एक्स११ वरच चालतं, तरी जुलै २०२३ च्या मिंट २१.२ पासून जेश्चरची सोय आतच दिली आहे. ती सुरुवातीला बंद असते. सिस्टम सेटिंग्जमध्ये जेश्चर्स उघडा आणि चालू करा. किती बोटं, कुठल्या दिशेने, त्यावर काय व्हावं, हे सगळं तिथेच यादीतून निवडता येतं. मिंट २१ किंवा २१.१ असेल तर अपडेट मॅनेजरमधून आधी पुढे या.

आता एक्सएफसीई. चार जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर आपण हाच डेस्कटॉप टाकतो आणि जेश्चरची आयती सोय इथेच नाही. इथे टचेग नावाचा प्रोग्रॅम लागतो. स्पेनच्या होसे एक्सपोसितो यांनी तो लिहिला आहे आणि मिंटच्या सिनॅमनमधलं जेश्चरही आतून त्याच्यावरच उभं आहे, त्यामुळे विश्वासाने वापरा. कमांड:

सुडो एपीटी इन्स्टॉल टचेग

टचेगचं स्पेलिंग टी-ओ-यू-सी-एच-ई-जी-जी, शेवटी दोनदा जी. मग तो मागे चालू आहे का बघा:

सिस्टमसीटीएल स्टेटस टचेग

हिरव्या अक्षरांत अ‍ॅक्टिव्ह, रनिंग असं आलं पाहिजे. बाहेर यायला क्यू दाबा. रनिंग नसेल तर सुडो सिस्टमसीटीएल एनेबल, स्पेस, दोन आडव्या रेघा आणि त्यांना चिकटून नाऊ, स्पेस, टचेग. यानंतर लॉग आउट करून परत लॉगिन करायचं. हे बरेच जण विसरतात. टचेगचे दोन भाग असतात. एक मागे बसून बोटं मोजतो, दुसरा तुमच्या लॉगिनबरोबर सुरू होतो आणि विंडो हलवतो. परत लॉगिन केल्याशिवाय दुसरा भाग जागा होत नाही.

लॉगिन झाल्यावर एखादी विंडो उघडून तीन बोटं वर सरकवा, ती पूर्ण पडदाभर होईल. खाली सरकवा, लपेल. बाकीचं आपल्या सोयीने लावायला तूशे नावाचा जोडप्रोग्रॅम आहे. फ्लॅटहब या लिनक्सच्या अ‍ॅप स्टोअरवर तो मिळतो आणि मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये नावाने शोधता येतो. त्यात डावीकडे जेश्चर, उजवीकडे कृती, इतकं सोपं आहे. सिनॅमनवाल्यांनी तूशे टाकू नये, त्यांच्या सेटिंग्जमध्ये ते काम आधीच होतं. उबंटूवर काही कारणाने एक्स११ सोडताच येत नसेल तर टचेगबरोबर नोमचं एक्स११ जेश्चर्स हे एक्स्टेन्शन टाका, तीन बोटांचा ओव्हरव्ह्यू तिथेही मिळेल.

लिबइनपुट-जेश्चर्स नावाची एक जुनी स्क्रिप्टही तुम्हाला जागोजागी सुचवली जाईल. स्क्रिप्ट चांगली आहे, पण ती चालवायला आपल्या यूझरला इनपुट ग्रुपमध्ये घालावं लागतं. तसं केलं की तुमच्या नावाने चाललेला कुठलाही प्रोग्रॅम कीबोर्डवरची दाबलेली बटणं वाचू शकतो, पासवर्डसकट. नवख्याला मी ती सुचवत नाही. आणि टचेगबरोबर तर ती नकोच. दोन्ही चालू असली की एका स्वाइपला दोन कामं होतात.

फायरफॉक्समध्ये चिमटीने पान मोठं करणं २०२१ च्या ८८ व्या आवृत्तीपासून लिनक्सवर आहे. वेलँडवर त्यासाठी वेगळं काही करायची गरज नाही.

बोटं आत पोचतच नसतील तर

दुसऱ्या पायरीत स्वाइपच्या ओळी आल्या नाहीत, किंवा आल्या पण मध्येच तुटतात, बाण उड्या मारतो, असं असेल तर सगळ्यात आधी चार्जरची पिन काढा आणि बॅटरीवर बघा. आपल्याकडे जुन्या घरांत सॉकेटला अर्थिंग नसतं, किंवा तीन पिनांचा चार्जर दोन पिनांच्या अडॅप्टरमधून लावलेला असतो. मग चार्जरमधला विद्युत गोंगाट लॅपटॉपच्या बॉडीत उतरतो आणि विद्युतभार मोजणाऱ्या टचपॅडचा हिशोब चुकतो. चार्जर काढल्यावर सुरळीत झालं तर दोष ना लिनक्सचा ना टचपॅडचा. इलेक्ट्रिशियनला बोलावून त्या सॉकेटचं अर्थिंग करून घ्या. लॅपटॉपसाठीही बरं, तुमच्यासाठीही.

दुसरं कारण घाम. एप्रिल-मे महिन्यात सोलापूरचा पारा ४० च्या वर गेला की बोटं कोरडी राहत नाहीत. ओलावा टचपॅडवर पसरतो आणि दोन बोटांमधली फट टचपॅडला दिसत नाही, तीनची दोन होतात. भाकरी-चटणी खाऊन तसंच कामाला बसलं की शेंगदाण्याच्या चटणीचं तेलही पृष्ठभागावर बसतं. त्याने बोट अडखळतं आणि सरळ रेषेत जात नाही. लॅपटॉप बंद करून किंचित ओलसर मऊ कापडाने टचपॅड पुसा आणि लगेच कोरडा करा. सोलापुरी नॅपकिन यासाठी उत्तम.

तरी जमलं नाही तर टचपॅड कर्नलशी कुठल्या मार्गाने बोलतोय ते बघा. सिनॅप्टिक्स कंपनीचे काही टचपॅड जुन्या पीएस/२ मार्गावरच अडकलेले असतात. त्या मार्गाने एका वेळी दोनच बोटांची जागा कळते, बाकीच्यांची फक्त संख्या. टर्मिनलमध्ये सुडो डीमेसेज द्या, स्पेलिंग डी-एम-ई-एस-जी, आणि आलेल्या मजकुरात पीएसमाउस हा शब्द शोधा. तुमचा टचपॅड वेगळ्या बसवर, म्हणजे जोडणीच्या दुसऱ्या मार्गावर, चालू शकतो, सिनॅप्टिक्स-इंटरटच १ करून पाहा, अशा अर्थाची इंग्रजी ओळ असेल तर नशीब चांगलं. यूएसबी माउस लावून ठेवा आणि या दोन कमांड द्या:

सुडो मॉडप्रोब -आर पीएसमाउस

सुडो मॉडप्रोब पीएसमाउस सिनॅप्टिक्स_इंटरटच=१

मॉडप्रोबचं स्पेलिंग एम-ओ-डी-पी-आर-ओ-बी-ई. इथे १ हा आकडा इंग्रजी कीबोर्डवरचा, बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना स्पेस नाही. पुन्हा डीबग-इव्हेंट्स चालवून तीन बोटं सरकवा. ओळी नीट यायला लागल्या तर हा बदल कायमचा करायला ग्रबच्या, म्हणजे लॅपटॉप चालू होताना लिनक्स सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमच्या, फाइलमध्ये एक शब्द घालावा लागतो. ते पहिल्यांदा करताना माहीतगाराला शेजारी बसवा. आणि फरक पडला नाही तर लॅपटॉप नुसता रीस्टार्ट करा, सगळं आधीसारखं होतं.

नवी पेठेत किंवा आणखी कुठे जुना लॅपटॉप घ्यायला निघाला असाल तर खिशात उबंटूचा पेनड्राइव्ह ठेवा. दुकानदाराला विचारून लॅपटॉप पेनड्राइव्हवरून सुरू करा आणि ट्राय उबंटू निवडा. हार्डडिस्कला हातही लागत नाही. मग चार्जर लावून एकदा आणि काढून एकदा, तीन बोटं वर, डावीकडे, उजवीकडे. पाच मिनिटं लागतात. पैसे त्यानंतर द्या.